खाऱ्या पाण्याच्या वकीलबाई

परकारबाईंबरोबर बाजारात जाऊ नये, असं आमच्या दिल्लीच्या वकिली ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगत. मला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नसेल. गाझियाबादला आम्ही एकाच कॉलनीत राहायचो. एका संध्याकाळी मेट्रोतून उतरल्यावर मी आपलं भाबडेपणानं म्हटलं, "बाई, संत्री घेऊ या का?" झालं! गाडीवाला बिचारा "नागपुर का संतरा, नागपुर का संतरा" असं ओरडत उभा होता. बाईंनी पर्स खांद्यावर नीट सरकवली, एक फळ उचललं, नाकाशी नेलं, जरा दाबून पाहिलं आणि विचारलं, "भैया, नागपुर गये हो कभी?"

"नहीं मैडम."

"अच्छा. और ये संतरा गया है?"

मागचं गिऱ्हाईक फिदीफिदी हसायला लागलं. मला वाटलं, आता भांडण होणार आणि मी मध्ये सापडणार. पण बाईंनी मुकाट्यानं दोन किलो घेतली, दरात घासाघीसही केली नाही. जाता जाता म्हणाल्या, "पंजाब का किन्नू है, बढ़िया है. इसके अपने नाम से बेचो ना, इसमें शरम कैसी?" त्या दिवसापासून तो माणूस बाई लांबून दिसल्या की "किन्नू, किन्नू" ओरडायचा, आणि बाई वळणापलीकडे गेल्या की पुन्हा नागपूरला पोचायचा. बाईंना हे ठाऊक होतं. "माझ्यासमोर तरी लाजतोय की नाही?" असं म्हणून त्या खूश असायच्या.

नजमा परकार हे त्यांचं पूर्ण नाव. मूळच्या दापोलीकडच्या. नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीत आल्या. पुढे नवरा गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि बाई मात्र इथंच रुजल्या. दिल्लीच्या हवेला, पाण्याला आणि माणसांना रोज सकाळी नेमानं नावं ठेवत रुजल्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावर ओढणी, अंगात पुरुषी खिशांचा काळा कोट. त्या खिशांत काय नसायचं! खडीसाखर, सेफ्टी पिना, मेट्रोचं कार्ड, आणि कुठल्या तरी गावच्या हळदीची नाहीतर मिरचीची पुडी. डब्यात मासे आणत आणि ऑफिसातल्या शाकाहारी मंडळींनी नाकं मुरडली की म्हणत, "वास येतोय? मग नाक शाबूत आहे तुमचं. आमच्या धंद्यात नाकच लागतं."

धंदा म्हणजे जीआयचा. मराठीत भौगोलिक मानांकन म्हणतात, पण तो शब्द उच्चारला की समोरच्याचा चेहरा कोरा होतो, म्हणून बाई तो टाळायच्या. एखाद्या वस्तूचा गुण तिच्या गावच्या मातीपाण्यातून आणि तिथल्या हातांतून आलेला असेल, तर त्या गावाचं नाव त्या वस्तूला लावायचा हक्क तिथं ती वस्तू करणाऱ्यांचाच, असा हा सरळ कायदा. सरळ, पण लोकांच्या गळी उतरत नाही. मानेसरचे एक बडे कारखानदार एकदा ऑफिसात आले. गाडी चकचकीत, बोटांत अंगठ्या. कुठल्या तरी गावच्या प्रसिद्ध लोणच्याचं नाव त्यांना हवं होतं. "मैडम, सीधी बात करते हैं. गाँव वालों से नाम खरीदना है. रेट बताइए."

बाईंनी त्यांना चहा पाजला. बिस्किटंही दिली. मग शांतपणे म्हणाल्या, "सेठजी, ये नाम बिकता नहीं. कानून ही ऐसा है. न बेच सकते हैं, न किराये पे दे सकते हैं."

"कुछ तो रास्ता होगा?"

"है ना! आप वहाँ जाके रहिए. वहीं का आम, वहीं का तेल, उन्हीं के तरीके से अचार डालिए. फिर नाम आपका भी. मुफ़्त में."

सेठजींना ही चेष्टा वाटली. ती चेष्टा नव्हती, तो शब्दशः कायदा होता. ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "बघ, जगात एक तरी वस्तू अशी आहे, की जी घ्यायला गावात जाऊन राहावं लागतं. मला हा कायदा म्हणूनच आवडतो." असलं काही बोलल्या की लगेच त्यांना आपणच जरा जास्त बोललो असं वाटे आणि त्या खिशातली खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवत, जणू माझंच काही चुकलं होतं.

त्यांच्या या वेडानं माणसंही दुखावली जात, ते लपवण्यात अर्थ नाही. आमच्या कॉलनीतल्या एका मराठी लग्नात वरमाईच्या पैठणीचा पदर त्यांनी उलटा करून पाहिला. मागची बाजू पाहिली की हातमाग कळतो, म्हणे. पाहिला तो पाहिला, वर कळवळून विचारलं, "कितीला फसवलं हो तुम्हाला?" भर मांडवात! वरमाई जेवल्या नाहीत. मी बाईंना घरी येताना चांगलं झापलं. "अगं पण," त्या अगदी खऱ्या अर्थानं गोंधळल्या होत्या, "येवल्यात कुणी तरी महिनोन्‌महिने मागावर बसतं. त्याची बाजू कोण घेणार मग?" मी म्हटलं, लग्नात वराची बाजू घ्यायची असते किंवा वधूची, तिसरी नसते. पुढच्या आठवड्यात त्या वरमाईंकडे स्वतः माशाचं कालवण घेऊन गेल्या. वरमाई कट्टर शाकाहारी. असं सगळं होतं.

आणि उचकी! ही बाई कोर्टात न्यायाधीशांना घाबरायची नाही, समोरच्या नामांकित वकिलांना घाबरायची नाही, पण निकालाची वेळ जवळ आली की तिला उचकी लागायची. पाणी पिऊन, श्वास कोंडून, कशानं थांबायची नाही. ऑफिसातले लोक उचकीवरून अंदाज बांधायचे. बाईंची उचकी जितकी मोठी, तितकी ती केस त्यांच्या जिवाच्या जवळची.

उंबरखारच्या वेळी ती उचकी मी पहिल्यांदा अगदी शेजारी बसून ऐकली.

उंबरखार हे विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातलं गाव. तिथल्या विहिरींचं पाणी मचूळ, खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. पण त्याच पाण्यात उडदाचं पीठ भिजवलं की पापडखार घालावाच लागत नाही. पाण्यातला खारच ते काम करतो, आणि पापड असा हलका, खुसखुशीत होतो की विचारू नका. गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तो लाटत आल्या होत्या. नाव झालं होतं, आसपासच्या शहरांत मागणी होती. आणि मग आमच्याच गाझियाबादच्या एका कारखान्यानं पाकिटावर ठळक अक्षरांत 'उंबरखार पापड' छापून माल काढायला सुरुवात केली. मशीनवर लाटलेला, पापडखार घातलेला, निम्म्या भावाचा. गावच्या बायकांचे जुने व्यापारी एकेक करून तिकडं वळले. एक दुकानदार तर संगीताताईंना, म्हणजे त्या बायकांच्या मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणाला होता, "ताई, ओरिजिनल तो दिल्लीचा. तुमचा डुप्लिकेट दिसते."

हे बाईंच्या जिव्हारी लागलं. महिनाअखेरीला त्या काम सोडून कायमच्या दापोलीला परतणार होत्या, सामानाचे खोके बांधून झाले होते. तरी ही केस त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. अर्ज त्यांनी लिहिला, नकाशा काढून घेतला, पाण्याची तपासणी करवली. अर्जातलं मुख्य वाक्य एकच होतं: हा पापड फक्त उंबरखारच्या विहिरीच्या पाण्यात होतो, त्यात बाहेरचा खार नसतो. आता दिल्लीत तज्ज्ञांच्या समितीसमोर मालाचे नमुने दाखवायचे होते. समितीला पटलं तर अर्ज पुढं सरकणार. नाही पटलं तर सगळं पहिल्यापासून, आणि तोवर कारखान्यानं ते नाव गिळलेलं असणार. त्या बायकांना मग स्वतःच्याच गावाचं नाव लावायची चोरी होणार, ही साधी गोष्ट होती.

संगीताताई आल्या, सोबत वच्छलाबाई म्हणून मंडळातल्या सगळ्यात जुन्या सुगरण. पहाडगंजच्या लॉजवर उतरल्या होत्या. दोघी नवीन लुगडी नेसून, पत्र्याचे डबे छातीशी धरून समितीच्या दालनात आल्या तेव्हा मला उगाचच भरून आलं. बाईंनी बाजू छान मांडली. शिपायाच्या चहाच्या शेगडीवर पापड भाजले गेले. समितीत एक अन्नशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या, त्यांनी एक तुकडा तोंडात घातला, थांबल्या, दुसरा घातला. मग अर्ज पुढं ओढून त्यातलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "इसमें तो पापड़खार है. बाज़ार वाला. साबुन जैसा पीछे से आ रहा है."

बाईंनी एक तुकडा खाल्ला. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं धाबं दणाणलं. प्राध्यापिका बरोबर होत्या.

"संगीता," बाई मराठीत म्हणाल्या, अगदी हळू, "काय घातलंय यात?"

संगीताताईंनी खाली पाहिलं. वच्छलाबाईंनी संगीताताईंकडे पाहिलं. "नेहमीचंच तं हाय," एवढंच पुटपुटल्या.

"मला खरं सांग. मी रागावणार नाही."

"मॅडम," संगीताताईंचा आवाज फुटला, "दिल्लीचे एवढे मोठे लोक खानार. त्याईले आमचं खारं पानी कसं पाजावं? आमच्या गावात कोनी पोरगी देत नाही या पान्यापायी. पाहुणे आले का गिलास बाजूले सारतात. म्हनून आमी तालुक्याहून जारचं पानी आनलं, फिल्टरचं, चांगलं. पन त्यात पापड फुलेच ना. मंग दुकानातला खार टाकला."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. अहो, ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप, तेच पाणी पाहुण्यांसाठी म्हणून बाजूला ठेवून आल्या होत्या! आणि मनात कुठंही खोट नव्हती. उलट फार माया होती, म्हणून तर हे झालं.

आता दुसऱ्या कुणी वकिलानं सारवासारव केली असती. नमुना चुकून बदलला, प्रवासात ओल लागली, काहीही. बाई उभ्या राहिल्या. उचकी लागली. ती तशीच घेऊन त्यांनी संगीताताईंचं प्रत्येक वाक्य, गिलास बाजूला सारण्यासकट, हिंदीत समितीला सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. मग म्हणाल्या, "सर, जिस पानी पर हमारा पूरा केस है, उसी पानी पर इनको शरम आती है. ये मेरी गलती है. मैंने अर्ज़ी में पानी का सब कुछ लिखा, बस इनको नहीं बताया कि वो पानी अच्छा है."

समितीचे अध्यक्ष अत्यंत करड्या चेहऱ्याचे गृहस्थ. "हमारे गाँव का पानी भी खारा था," ते संगीताताईंकडे बघत म्हणाले. "मेरी माँ मेहमानों के लिए दूर से मीठा पानी लाती थी. कल दोपहर तक सही सैंपल ला सकती हैं?"

"बिल्कुल, सर," बाई म्हणाल्या. आणि बाहेर येऊन भिंतीला टेकल्या. "बिल्कुल म्हणाले मी. कशाच्या जोरावर म्हणाले? ते पाणी आणू कुठून मी उद्या दुपारपर्यंत?" विदर्भातून कुणी गाडीनं निघालं तरी वेळेत पोचणार नव्हतं. संगीताताई रडायला लागल्या. मी विमानांच्या वेळा बघायला लागले.

वच्छलाबाई आमचं बोलणं ऐकत होत्या. "पानी पायजे काय?" त्यांनी विचारलं. "हिरीचं?"

"हो ना, वच्छलाबाई."

"मंग लॉजवर हाय ना. मोठा कॅन. मले बाहेरचं पानी चालत नाही, फिक्कं लागते. मी कुठंबी गेली तं माह्या घरचं पानी नेतो."

परकारबाईंनी त्या म्हातारीला अशी मिठी मारली की तिचा पदर डोक्यावरून घसरला. "अल्ला! आधी का नाही बोललात?"

"कोनी इचारलंच नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "अन् मले वाटलं, तुमी हसान."

मग काय विचारता! पहाडगंजहून कॅन उचलला आणि मेट्रोनं गाझियाबाद. कॅन मी मांडीवर घेऊन बसले होते, कुणी धक्का दिला की अंगावर ओरडत होते. संगीताताईंनी बाईंना भेट म्हणून गावचं उडदाचं पीठ आणलं होतं, तेच कामी आलं. बाईंच्या बांधलेल्या खोक्यांतून परात शोधून काढली, बत्ता नव्हता म्हणून शेजारच्या मिश्राआंटींचा खलबत्ता मागून आणला. वच्छलाबाई एरवी एक घोटही वाया जाऊ न देता पाणी जपणाऱ्या, पण पीठ भिजवताना अगदी हात सैल सोडून ओतत होत्या. संगीताताई कुटत होत्या, मी लाटत होते, आणि माझ्या प्रत्येक पापडाकडे बघून दोघी एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी माझ्या हातचं लाटणं काढून घेतलं गेलं. बाईंना तर कुणी लाटायला बसूच दिलं नाही. त्या सोफ्यावरून सूचना करत होत्या आणि उचक्या देत होत्या.

सकाळी गच्चीवर जुन्या साड्यांवर पापड घातले. कॉलनीत माकडं फार. मिश्राआंटी काठी घेऊन पहाऱ्याला बसल्या. "महाराष्ट्र का मामला है, कोई बंदर पास नहीं आएगा," असं त्यांनी जाहीर केलं, आणि खरोखरच एकही आलं नाही. दुपारी दालनात पापड भाजला, तेव्हा तो असा चटकन फुलला की शिपायानंसुद्धा वाकून पाहिलं. प्राध्यापिकांनी तुकडा तोंडात घातला आणि या वेळी सरळ दुसरा पापड उचलला. कॅनही आम्ही सोबत नेला होता, अध्यक्षांनी वच्छलाबाईंकडे त्यातलं थोडं पाणी मागितलं. पेल्यात ओतून प्यायले. तोंड वेडंवाकडं झालं, पण पेला रिकामा केला. मग अर्जाची शिफारस करत असल्याचं सांगितलं.

पुढं अर्ज रीतसर सरकारी जर्नलमध्ये छापून आला, मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, नोंदणी झाली, कारखान्याला पाकिटावरचं नाव बदलावं लागलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाहेर आल्यावर माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मी रस्त्यातच मोठ्यानं हसायला लागले. संगीताताई फोनवर गावाकडं ओरडून सांगत होत्या. बाईंची उचकी थांबली होती.

संध्याकाळी आम्ही त्या दोघींना स्टेशनवर सोडायला गेलो. सामान चढवून झालं. बाई खिडकीपाशी उभ्या राहून संगीताताईंना पुढच्या कागदांविषयी बजावत होत्या, तेव्हा वच्छलाबाईंनी मध्येच विचारलं, "मॅडम, तुमी आमची हीर पायली काय?"

"नाही हो. गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही माझ्यानं. नकाशावर पाहिली, फोटोत पाहिली."

"मंग चाला."

"आत्ता?"

"आमच्या खाऱ्या पान्याच्या गावात खुशीनं कोनी येत नाही. मी बी रडत आली होती लग्नात," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी या. खुशीनं येनारी एक तं पाहू द्या मले."

परकारबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर नियमानं चाललेली बाई, तिकिटाशिवाय प्लॅटफॉर्मवरही उभी न राहणारी. "अगं, तुझ्या त्या फोनवर बघ ना, एखादी सीट आहे का?" मी बघितलं. करंट बुकिंगमध्ये त्याच डब्यात एक होती. तिकीट काढता काढता गाडीनं भोंगा दिला.

बाई चढल्या. अंगावर काळा कोट, हातात फक्त पर्स, कपड्यांचा एक जोडसुद्धा नाही. उंबरखारहून त्या परस्पर दापोलीलाच गेल्या, खोके मी मागून पाठवले. दिल्लीत त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत. गाडी हलली तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, वच्छलाबाईंनी मागून कोट घट्ट पकडून ठेवला होता, आणि बाई मला ओरडून सांगत होत्या, "फ्रीजमध्ये दूध आहे, ते संपव! आणि मिश्राआंटींचा खलबत्ता परत दे!"

"देते बाई, तुम्ही आत जा!" मी ओरडले.

आत जायला त्या वळल्या, तर वच्छलाबाई त्यांच्यासाठी आपल्या शेजारची खिडकीची जागा हातानं पुसत होत्या.